दोन वेटोळी

काही यंत्रांच्या वाट्याला माणसांची माया येते, काहींच्या वाट्याला नुसता राग. शिवणयंत्राला दसऱ्याला हळदकुंकू लागते, मोटारीच्या गळ्यात झेंडूची माळ पडते, नव्या पिठाच्या गिरणीपुढे नारळ फुटतो. पण गावाच्या कडेला दोन खांबांच्या मध्ये उभ्या असलेल्या त्या राखी लोखंडी पेटीला एखाद्या गावकऱ्याने फूल वाहिलेले मी अजून पाहिलेले नाही. तिची आठवण होते ती दिवे गेल्यावर. 'डीपी गेली', 'डीपी जळाली' एवढाच तिचा उल्लेख. आणि तोही बहुधा एका शिवीच्या सोबतीने.

या पेटीची नावे तीन. शेतकरी तिला डीपी म्हणतो, शिकलेला माणूस ट्रान्सफॉर्मर म्हणतो आणि सरकारी कागद रोहित्र म्हणतो. या शेवटच्या शब्दात मला आपला चढण्याचा 'रुह्' धातू ऐकू येतो, आणि गंमत वाटते. कारण रस्त्यात आपल्याला भेटणारी रोहित्रे चढण्याचे काम मुळीच करीत नाहीत, ती उतरवतात. तारांतून ११,००० व्होल्टच्या दाबाने आलेली वीज ४३३ व्होल्टवर आणून ती आपल्या घराच्या आणि विहिरीवरच्या मोटारीच्या स्वाधीन करतात. चढवण्याचे काम करणारी त्यांची थोरली भावंडे वीजकेंद्रांच्या कुंपणाआड उभी असतात. त्यांची आणि आपली गाठ पडत नाही.

माझी उमेदीची वर्षे या पेट्यांच्या संगतीत गेली. दुरुस्त झालेले रोहित्र तपासायचे आणि ते बाहेर जाण्याच्या लायकीचे आहे की नाही ते लिहायचे, हा माझा धंदा. लेखक मंडळी माणसे पारखतात म्हणे. मी रोहित्रे पारखली. आणि या व्यवहारात मी काही फार गमावले असे मला वाटत नाही.

रोहित्राचे अंतरंग इतके साधे असते की पहिल्यांदा पाहणाऱ्याचा हिरमोडच व्हावा. त्यात चाक नाही, दट्ट्या नाही, हलणारे असे काहीच नाही. पातळ पोलादी पत्र्यांचा एक गाभा, त्यावर तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या तारेची दोन वेटोळी, आणि हे सारे तेलात बुडवलेले. एका वेटोळ्याला वीज मिळते, दुसऱ्यातून ती बाहेर पडते. आणि या दोघांचा एकमेकांना स्पर्श होत नाही. स्पर्श झालाच तर तो त्या रोहित्राचा मृत्यू!

हे कौतुक जगाने प्रथम पाहिले ते २९ ऑगस्ट १८३१ रोजी, लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये. मायकेल फॅरडेने लोखंडाच्या एका कड्यावर दोन बाजूंना तांब्याची तार गुंडाळली आणि तारेचे वेढे एकमेकांना भिडू नयेत म्हणून मध्ये सुतळी आणि सुती कापड घातले. फॅरडेने पोरवयात पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केली होती हे कळल्यापासून त्या सुतळीकडे आणि कापडाकडे मी वेगळ्या नजरेने पाहतो. त्याने एका बाजूला बॅटरी जोडली, तेव्हा दुसऱ्या बाजूची सुई थरथरली आणि परत जागेवर आली. प्रवाह वाहत होता तोवर ती ढिम्म हलली नाही. बॅटरी काढताच ती पुन्हा थरथरली, या वेळी उलट दिशेला. म्हणजे पलीकडे पोहोचतो तो प्रवाह नव्हे. पोहोचतो तो प्रवाहातला बदल. एका वेटोळ्याने स्वस्थ वाहत राहावे, तर शेजारच्या वेटोळ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

म्हणून आपली वीज उलटसुलट वाहते. सेकंदाला ५० आवर्तने, म्हणजे शंभर वेळा दिशाबदल. प्रत्येक बदलागणिक गाभ्यातले चुंबकत्व उठते आणि बसते, आणि पलीकडच्या तारेला हाक जाते. पलीकडे वेढे कमी असले की दाब त्या प्रमाणात कमी, आणि प्रवाह त्या प्रमाणात जास्त. फुकट काही मिळत नाही. केवळ रूप पालटते. फॅरडेच्या कड्यापासून विकण्याजोगे रोहित्र तयार व्हायला अर्धशतकाहून अधिक काळ लागला. १८८५ साली बुडापेस्टच्या गांझ कारखान्यात झिपर्नोव्स्की, ब्लाथी आणि डेरी या तिघांनी लोखंडाचे वर्तुळ पुरे बंद केलेला गाभा वापरला, आणि 'ट्रान्सफॉर्मर' हे नावही तिथेच ब्लाथीने रूढ केले. तीस वर्षांनी, १९१५ साली, खोपोलीला पडणाऱ्या पाण्याची वीज मुंबईच्या गिरण्यांना पोहोचली, ती याच युक्तीच्या जोरावर. दाब दहापट केला तर तेवढ्याच शक्तीला प्रवाह एक दशांश लागतो, आणि तारेत उष्णता होऊन वाया जाणारा भाग शंभरावा उरतो. दूरच्या प्रवासाला निघताना ओझे कमी करावे हे शहाणपण विजेलाही लागू आहे.

रोहित्राजवळून जाताना जो घुमल्यासारखा आवाज ऐकू येतो, तो पुष्कळांना बिघाडाचा वाटतो. तो त्याचा श्वास आहे. चुंबकत्वाच्या प्रत्येक उठाबशीबरोबर पोलादाचे पत्रे केसाच्याही अंशाने लांबआखूड होतात, सेकंदाला शंभर वेळा. पेटी घेऊन स्वर जुळवणाऱ्याने कान द्यावा. खर्जातल्या पांढरी पाचच्या किंचित वर तो लागतो. रात्री सारे गाव निजते, मोटारी बंद असतात, तरी हा स्वर थांबत नाही. कारण गाभ्याला जागे ठेवण्यासाठी थोडी वीज सतत खर्च होतच असते. तिला आम्ही लोहहानी म्हणतो. तारेतली ताम्रहानी मात्र कामाप्रमाणे वाढते आणि घटते, आणि तीही वर्गाने: भार दुप्पट झाला की हानी चौपट.

पण साहित्याच्या अंकात सांगण्यासारखी खरी गोष्ट पुढेच आहे. रोहित्राचे आयुष्य ना लोखंडावर ठरते, ना तांब्यावर. ते ठरते कागदावर! तारेचा प्रत्येक वेढा कागदात लपेटलेला असतो. तेल त्या कागदाला भिजवते, थंड ठेवते. लोखंड कित्येक दशके टिकेल, तांबे वितळवून पुन्हा वापरता येईल. पण कागद एकदा करपला, ठिसूळ झाला की त्याला पुन्हा तरुण करण्याचा उपाय नाही. वेटोळ्याच्या सर्वांत तापलेल्या जागी ९८ अंश सेल्सिअस ही त्या कागदाची सोसण्याची रीतसर पातळी. त्यावर दर सहा अंशांमागे त्याचे म्हातारपण दुप्पट वेगाने येते. मंजूर भारापेक्षा चार मोटारी जास्त जोडल्या जातात तेव्हा दिवे काही लगेच जात नाहीत. आत कुठे तरी कागद मात्र पिवळा पडत असतो.

या न दिसणाऱ्या कागदाची खबर बाहेरून घ्यायची, यालाच तपासणी म्हणतात. प्रथम मेगर. आमच्या वेळी तो हाताने फिरवण्याचा असे. मुठीला एकसारखा वेग द्यायचा आणि वेटोळ्यांमधली, वेटोळे आणि टाकी यांमधली अटक किती मेगओहमची आहे ते काट्यावर वाचायचे. आकड्याशेजारी तपमान लिहिल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. पहाटे धडधाकट दिसणारी अटक दुपारच्या उन्हात निम्म्यावर येते. मग गुणोत्तर. ११,००० व्होल्टच्या बाजूला साधे ४१५ व्होल्ट द्यायचे. पलीकडे तिन्ही फेजांमध्ये १६ आणि थोडे वर व्होल्ट मिळाले की वेढे पुरे आहेत. एवढ्यावर भुलू नये मात्र. हजारो वेढ्यांपैकी एकच वेढा शेजारच्याला चिकटला असेल, तर गुणोत्तरात तो जवळजवळ लपून जातो. पण त्या चिकटलेल्या वेढ्याचे एक तिसरेच वेटोळे बनते आणि ते आतल्या आत प्रवाह गिळू लागते. म्हणून पलीकडची बाजू मोकळी ठेवून रोहित्र किती प्रवाह ओढते तेही पाहायचे. नंतर पलीकडची बाजू जोडून टाकून, कमी दाबाने पुरता प्रवाह सोडायचा, आणि ताम्रहानी मोजायची. पहिल्या परीक्षेत रोहित्राचा आराम कळतो, दुसरीत त्याचे कष्ट.

शेवटी तेल. अडीच मिलिमीटर अंतरावरच्या दोन धातूच्या टोकांमध्ये तेल घालून दाब वाढवत न्यायचा आणि ठिणगी कितीवर पडते ते पाहायचे. ते यंत्र बिघडले असेल तर जुना उपाय: लोखंडी सळई तापवून तेलात बुडवायची. तेल कोरडे असेल तर नुसता धूर येतो. ओले असेल तर सळई बोलते. फोडणीत पाण्याचा थेंब पडावा तशी तडतडते.

१९८३ च्या डिसेंबरातली गोष्ट. गोदाकाठच्या एका तालुक्याच्या गावी मी नुकताच कामाला लागलो होतो. शंभर केव्हीएचे एक रोहित्र दुरुस्त होऊन तपासणीला आले होते, आणि ते न्यायला आलेली सात-आठ माणसे ट्रॅक्टर दारात लावून आदल्या रात्रीपासून बसली होती. मेगर ठीक होता, गुणोत्तर ठीक होते. तेलाची ठिणगी मात्र १८ किलोव्होल्टवर पडली. आमच्या मिस्त्रींनी सळई तापवली. सळई तडतडली.

"तेलात पाणी आहे," मिस्त्री म्हणाले.

त्या माणसांतला म्हातारा उठून आत आला. "किती पाणी हाय?"

हिशेब करण्यासारखा होता. सगळ्या टाकीतले पाणी गोळा केले तरी चहाचे दोन चमचे भरले नसते. मिस्त्रींनी तसे सांगितले.

"दोन चमचे?" म्हातारा म्हणाला. "साहेब, गहू एकवीस दिसांचा झालाय. पहिलं पाणी आज-उद्यात नाही बसलं तर फुटवा धरायचा नाही. आमाला शिवारभर पाणी पायजे, आणि तुमी दोन चमच्यापायी अडिवता?"

याला काय उत्तर द्यावे ते मला सुचेना. म्हाताऱ्याचे म्हणणे खोटे नव्हते. गव्हाला मुकुटमुळे फुटतात ती याच दिवसांत, आणि ते पाणी चुकले की उत्पन्न घटते हे कृषीची पुस्तकेही सांगतात. वरून ओव्हरसियरचा निरोप आला की सही करून मोकळे व्हा; पेटी चालेलही. आणि खरोखर, ती चालली असती. कदाचित आठ दिवस, कदाचित सबंध हंगाम. ते पाणी कागदात शिरले असते, आणि मग एखाद्या रात्री, सगळ्या मोटारी एकदम सुरू असताना, दोन वेढ्यांच्या मध्ये ठिणगी पडली असती.

मिस्त्रींनी टोपी काढली, कपाळ पुसले आणि म्हणाले, "बाबा, माझ्या सहीनं तेल सुकत नाही."

एवढेच. त्यांनी सही केली नाही. वेटोळी भट्टीत गेली, तेल गरम होऊन निर्वात यंत्रातून रात्रभर फिरले. थंडी मरणाची होती. भट्टीच्या उबेला सगळे एकत्र बसले. पाहुण्यांनी भाकरी-ठेचा सोडला, मिस्त्रींनी चहा केला, पण बोलणे फारसे झाले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तेलाने ५० किलोव्होल्टच्या वर दाब सोसला. सळई धुरावली, बोलली नाही. मिस्त्रींनी सही केली. म्हातारा ट्रॅक्टरवर चढला तो रामराम न करताच. मला ते लागले. मिस्त्रींना लागलेले दिसले नाही. "त्याचा एक दिवस गेला की रे," ते म्हणाले. "रागवायचा हक्क आहे त्याला."

आमच्या वहीत त्या रोहित्राची पुढची नोंद १९९४ सालची आहे. ती वीज कोसळल्याची. अकरा वर्षे ते त्या शिवारात उभे राहिले. आणि अकरा रब्बींमध्ये कुणाला त्याची आठवण झाली नसावी.

आता तपासणीची साधने फार सुधारली आहेत. तेलात विरघळलेले वायू मोजून आतल्या दुखण्याचे निदान होते: ॲसिटिलीन दिसला तर आत ठिणग्या उडताहेत, कार्बन मोनॉक्साइड आणि डायऑक्साइड वाढले तर कागद करपतो आहे. हात दुखेस्तोवर मेगर फिरवावा लागत नाही. कळ दाबली की आकडा येतो. मला त्याचा आनंदच आहे. सळईपेक्षा ही साधने नक्कीच शहाणी आहेत. मात्र आकडा आल्यावर पुढे काय करायचे, हा प्रश्न १९८३ साली होता तिथेच आहे. दाराशी माणसे बसलेली असतात, त्यांची निकड खरी असते, आणि 'ठीक' हा शब्द लिहायला क्षणही पुरतो.

तपासणारा माणूस कुणालाच आवडत नाही. तो कामात खोडा घालतो असेच सगळ्यांना वाटते. त्याचे यश दिसत नाही, कारण न जळलेल्या डीपीची बातमी होत नाही. पण तुमच्या घराशेजारचे रोहित्र या दिवाळीत घुमत असेल, तर रात्री फटाके थांबल्यावर घटकाभर त्याच्याकडे कान द्या. आत दोन वेटोळी एकमेकांना न शिवता देणेघेणे करीत असतील, आणि त्यांच्या मधला कागद कोरडा असेल. तो कोरडा आहे याचा अर्थ, कुठे तरी कुणी तरी घाईच्या वेळी सही करायला नकार दिलेला आहे.