मील किट आलं, पण निवडायचं कोणी?



मोजून पॅक केलेली भाजी, डाळ-तांदूळ, मसाल्याच्या पुड्या आणि सोबत कृतीचं कार्ड, असं 'मील किट' हल्ली शहरात घरपोच मिळतं. ते आपण जैनांनी घ्यावं का, असं लेकी-सुना विचारतात. आमच्या सुनेनं पुण्यात महिनाभर मागवून पाहिलं. तेव्हा मी तिच्याकडेच होते, म्हणून प्रत्येक पुडी दोघींनी मिळून उघडली.

तिनं ते हौसेनं मागवलं नव्हतं. तिचा रात्रीभोजनत्यागाचा नियम आहे आणि ऑफिसातून घरी यायला सात वाजतात. "आई, असंच चाललं तर नियम सोडावा लागेल," असं ती म्हणाली होती. स्वयंपाकाचा वेळ वाचला तर नियम टिकेल, एवढीच तिची आशा होती.

आधी चांगलं सांगते. दोन माणसांच्या घरात कोथिंबिरीची अर्धी जुडी फ्रीजमध्ये सडते, भोपळ्याची फोड राहून जाते. किटमध्ये दोघांना लागेल तेवढंच येतं. साठा नाही, शिळं नाही. अपरिग्रहाच्या दृष्टीनं मला हे आवडलं, जरी प्लास्टिकच्या पुड्यांचा ढीग रोज कचऱ्यात जात होता.

आता अडचणी. पाकिटावर हिरवा ठिपका दिसला की आपण निश्चिंत होतो. पण तो ठिपका शाकाहाराचा आहे, जैन आहाराचा नाही. आपल्याकडच्या 2020 च्या लेबल नियमांत मध, मेणबत्तीला वापरतात ते मधमाशीचं मेण आणि लाख हे मांसाहारी पदार्थांच्या व्याख्येतून वगळलेले आहेत. म्हणजे मध घातलेल्या सॅलडच्या सॉसवरही हिरवाच ठिपका असतो. मद्य, मांस, मधु यांचा त्याग तर आपल्या अष्टमूलगुणांतला! तेव्हा ठिपका पाहून थांबू नका, घटकांची यादी शेवटपर्यंत वाचा. तयार मसाल्यात कांदा-लसणाची पावडर असते, तीही तिथेच कळते.

दुसरं, 'कांदा-लसूण नाही' म्हणजे 'जैन' नव्हे. आलं, बटाटा, गाजर, बीट त्यात येऊ शकतं. किट मागवताना "एकही कंदमूळ नको" असं स्पष्ट सांगावं लागतं.

तिसरी अडचण मला सगळ्यात मोठी वाटली. भाजी चिरून येते. आपण भेंडी उभी चिरून आत पाहतो, वांगं उघडून बघतो, पालेभाजीचं पान पान उलटतो. आळी दिसली तर अलगद बाजूला ठेवतो. कारखान्यात यंत्रानं चिरलेल्या भाजीत हे कोणी पाहिलं असेल? भाजी निवडणं हे आपल्याकडे नुसतं काम नाही, ती जीवदया आहे. पैसे देऊन ते दुसऱ्यावर सोपवलं, की भाजी आयती मिळते, पण दया राहून जाते.

पिठाचंही तसंच. दळलेल्या पिठाची मर्यादा पावसाळ्यात 3, उन्हाळ्यात 5 आणि हिवाळ्यात 7 दिवस. पाकिटावरची पॅकिंगची तारीख पाहिली तर हे गणित जुळतच नाही. मुनिमहाराजांच्या चौक्यासाठी तर या वस्तूंचा विचारही नको.

आणि मूळ प्रश्न सूर्याचा. डिसेंबरात पुण्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. सातला घरी येणाऱ्या बाईचा स्वयंपाक वीस मिनिटांत झाला काय किंवा तासात झाला काय, नियमाला काहीच फरक पडत नाही. ती वीस मिनिटं वाचायला हवीत सकाळी, संध्याकाळचा डबा भरताना.

हे लक्षात आल्यावर आम्ही किट बंद केलं, पण त्यातली मोजून ठेवायची पद्धत ठेवली. रविवारी दुपारी दोघं नवरा-बायको बसतात. डाळ-तांदूळ निवडतात आणि पाच दिवसांचं माप पाच स्टीलच्या डब्यांत भरतात. पावसाळ्यात ते धान्य शिजवण्याआधी पुन्हा एकदा पाहतात. मसाले अख्खेच ठेवतात, लागतील तेवढे ऐन वेळी कुटतात. भाजी अख्खी आणतात आणि सकाळीच निवडून चिरतात. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नसते, त्या डब्यात मूग किंवा मटकी. सून दोन डबे नेते आणि दुसरा साडेपाचला ऑफिसातच खाते. नियम सुटला नाही.

किट मागवणाऱ्या मैत्रिणींना मी नावं ठेवणार नाही. बाळंतपण, आजारपण, नवीन गावी बदली अशा वेळी आधार लागतोच. तेव्हा अख्ख्या भाजीचं, कंदमुळं नसलेलं किट बघून घ्या, पीठ आणि सॉस त्यातून वगळा. रोजच्यासाठी मात्र माझं मत असं: मोजमाप दुसऱ्यानं केलं तर चालेल, निवडणं आपल्याच हातात राहू द्या. त्या कामाला घरातल्या पुरुषांनाही बसवा. दया काही एकट्या बाईनं पाळायची नसते.

तुमच्या घरी डब्याची वेळ कशी सांभाळता, तेही जरूर कळवा.

जय जिनेंद्र.