भूमध्य समुद्रांतील एका बेटावर सायकलीनें

प्रवासाचें सुख वाहनाच्या वेगाच्या व्यस्त प्रमाणांत असतें, असें माझें फार दिवसांपासूनचें मत आहे. विमानांतून देश दिसत नाहीं, नुसता नकाशा दिसतो. आणि आगगाडींतून जो दिसतो तो डोळ्यांत ठरण्यापूर्वींच मागें पडतो. पायीं चालणें सर्वांत उत्तम खरें. परंतु साठी उलटलेल्या माणसाला दिवसांतून सात-आठ मैलांपलीकडे तें सहसा झेपत नाहीं. या दोहोंमधील मध्यम मार्ग म्हणजे सायकल. मास्तरकीच्या तीस वर्षांत मी याच वाहनावरून शाळेंत गेलों-आलों. तेव्हां उतारवयांत परक्या देशीं तिच्यावर बसण्याचा योग आला, त्यांत देश परका असला तरी वाहन ओळखीचें होतें.

माझा पुतण्या नोकरीनिमित्त जर्मनींत असतो. त्याच्या आग्रहावरून गेल्या एप्रिल महिन्यांत आम्ही दोघे मायोर्का बेटावर आठवडाभर राहिलों. हें बेट स्पेन देशाच्या पूर्वेस भूमध्य समुद्रांत आहे. त्याचें क्षेत्रफळ सुमारें ३,६४० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या निम्म्याहूनही कमी. वायव्येच्या किनाऱ्याला लागून त्रामुंताना नांवाची पर्वतांची ओळ उभी आहे व तिच्या आडोशास मधला सपाट मुलूख पसरलेला आहे. वसंत ऋतूंत युरोपांतील शर्यतींचे सायकलवाले सरावासाठीं येथें येतात आणि डोंगरांतील वळणावळणांचे घाट चढतात. आम्हीं मात्र सपाटीचा रस्ता धरला. अल्कूदिया गांवाहून निघावें, अल्बुफेरा नांवाची दलदल पाहावी, पुढें मूरो व सा पोब्ला या गांवांवरून संध्याकाळीं परत यावें, असा सुमारें ४० किलोमीटरांचा बेत होता.

अल्कूदियास सायकली भाड्यानें मिळतात. दुकानदारानें बैठकीची उंची माझ्या पायांच्या मानानें ठरवून दिली व डोक्यावर शिरस्त्राण चढविलें. गांवाबाहेरच्या रस्त्यांवर तें घालणें कायद्यानें आवश्यक आहे. रस्त्याच्या उजव्या बाजूनें चालण्याची संवय पहिल्या मैलांत झाली. मोटारवाल्यानें सायकलस्वारास ओलांडतांना निदान दीड मीटर अंतर ठेवावें असाही तेथें नियम आहे आणि तो पाळला जातो. आपल्याकडील रस्त्यांवर आयुष्य घालविलेल्या मला त्या दीड मीटरांत केवढी सभ्यता भरलेली दिसली!

हें गांव मध्ययुगीन तटाच्या आंत वसलेलें आहे. तटाला लागूनच बाहेर पोलेन्शिया या रोमन नगराचे अवशेष आहेत. इसवी सनापूर्वीं १२३ या वर्षीं क्विंटस सेसिलियस मेटेलस या रोमन सेनापतीनें बेट जिंकलें, त्यानंतर हें नगर वसलें. आज तेथें खांबांचे बुंधे, घरांचे पाये व एक लहानसें नाट्यगृह इतकेंच शिल्लक आहे. पुढें इसवी सन ९०२ मध्यें बेट मुसलमानांच्या हातीं गेलें आणि १२२९ सालीं आरागॉनचा राजा पहिला जाउमे यानें तें घेईपर्यंत त्यांच्याकडे राहिलें. ते राज्यकर्ते गेले, पण त्यांचे शब्द राहिले. ‘अल्कूदिया’ म्हणजे अरबींत टेकडी. ‘अल्बुफेरा’ म्हणजे लहान समुद्र किंवा खाजण. दगडी इमारतींपेक्षां शब्द अधिक टिकाऊ असतात, याचें प्रत्यंतर भाषेच्या शिक्षकाला सायकलीवर बसल्याबसल्या मिळालें.

समुद्र डावीकडे ठेवून आम्ही अल्बुफेरास पोंचलों. आंत जाण्याचा मार्ग ‘इंग्रजांचा पूल’ या नांवाच्या ठिकाणाजवळून आहे. या दूर स्पॅनिश बेटावर इंग्रज कोठून आले, हें ऐकण्यासारखें आहे. १८६३ च्या सुमारास एका इंग्रज कंपनीनें ही दलदल कोरडी करून तिची शेतजमीन बनविण्याचा मक्ता घेतला. मँचेस्टर शहरास पाणी आणणारे नामांकित स्थापत्यशास्त्रज्ञ जॉन फ्रेडरिक बेटमन यांचा त्यांत हात होता. मोठा कालवा खोदला गेला, त्याला शेंकडों लहान पाट जोडले गेले, रस्ते व पूल झाले. पण समुद्राचें खारें पाणी आंत शिरत राहिलें, खर्च वाढत गेला आणि शेवटीं कंपनी बुडाली. विसाव्या शतकाच्या आरंभीं कांहीं भागांत भात पिकविण्याचे प्रयोग झाले. बाकीच्या जमिनीवर वेताएवढ्या उंच बोरूनें व पाण्यानें आपला हक्क पुन्हा सांगितला. १९८८ सालीं सरकारनें सुमारें १,७०० हेक्टर प्रदेश संरक्षित केला.

आंत सायकलीला ठरावीक वाटाच मोकळ्या आहेत. इतरत्र उतरून चालावें लागतें. चालतां चालतां पुतण्यानें हळूच माझा हात धरला आणि म्हणाला, “काका, तिकडे पाहा.” बोरूच्या कडेला जांभळ्या-निळ्या अंगाची, तांबड्या चोंचीची पाणकोंबडी एक-एक पाऊल मोजून टाकीत होती. आपल्या तळ्यांवरील जांभळ्या पाणकोंबडीची ती अगदीं जवळची आप्त. शिकारीमुळें ही जात येथून नाहींशी झाली होती. १९९१ मध्यें बाहेरून पक्षी आणून सोडले, ते आतां चांगले स्थिरावले आहेत. घाईनें केलेलें काम बुडालें आणि धीरानें केलेलें तरलें, हें एकाच पाणथळींत इतकें शेजारीं शेजारीं क्वचित् पाहावयास मिळेल.

मूरोकडे जाणारा रस्ता शेतांमधून जातो. बटाट्याचीं शेतें, नारिंगांच्या बागा, मधूनमधून बदाम व ऑलिव्ह. कडेला चुन्याशिवाय नुसत्या दगडांवर दगड रचलेले कुंपण. आपल्या कोंकणांतील गडग्यांची आठवण व्हावी असें. अशा रचनेची कला युनेस्कोनें २०१८ सालीं मानवजातीच्या वारशांत गणली आहे, आणि तो मान मिळालेल्या देशांत स्पेन आहे. गडगे रचणारा आमचा कोंकणांतील गडी हें ऐकून काय म्हणेल, असा विचार मनांत आला.

शेतांत ठिकठिकाणीं पाणी ओढणाऱ्या पवनचक्क्या उभ्या आहेत. बहुतेकांचीं पातीं मोडलेलीं. त्यांच्याही पूर्वीं येथें जनावरांनीं फिरविण्याचे रहाट होते. त्यास ‘सीनिया’ म्हणतात; तोही शब्द अरबी. चक्राला मातीचीं मडकीं बांधलेलीं असत व तीं पाणी वर आणून टाकींत ओतीत. त्या टाकीला ते ‘सफारेच’ म्हणतात, हाही अरबीच. आपला ‘रहाट’ संस्कृतांतील ‘अरघट्टा’पासून आला खरा, पण आपणही ‘हौद’ हा शब्द अरबींतूनच घेतला आहे. पाण्यासाठीं जो झटतो तो शेजाऱ्याचा शब्द आनंदानें घेतो, मग तो शेजारी कोणीही असो.

मूरो हें टेकडीवरचें गांव. घरें पिवळसर वालुकाश्माचीं. हा दगड आमच्या चिऱ्यासारखाच खाणींतून कापून काढतात. दुपारीं चौकांतील एका खाणावळींत बसलों. तेथील प्रसिद्ध गोड वेटोळें, एन्साइमादा, डुकराच्या चरबीशिवाय होत नाहीं. त्याचें नांवच त्या चरबीवरून पडलें आहे. तेव्हां तें शाकाहाऱ्यानें दुरून पाहावें. परंतु ‘पा आंब ओली’ हें शेतकऱ्याचें अन्न आमच्या उपयोगीं पडलें. बिनमिठाचा जाडसर पाव, त्यावर चोळलेला टोमॅटो, वरून ऑलिव्हचें तेल व मीठ, बाजूला खारविलेलीं ऑलिव्ह फळें. हे टोमॅटो दोऱ्यांत ओवून घरांत टांगून ठेवतात व ते कित्येक महिने टिकतात. आपल्या स्वयंपाकघरांतील लसणीच्या वेण्यांचीं तीं भावंडेंच समजावीं.

शेजारच्या बांकावर माझ्याच वयाचे एक गृहस्थ बसले होते. पुतण्याला स्पॅनिश येतें. त्याच्यामार्फत आमचें बोलणें झालें. त्यांचा नातू लग्नाचा झाला आहे, पण त्याला गांवांत घर मिळत नाहीं. जें रिकामें होतें तें पाहुण्यांना आठवड्याच्या भाड्यानें दिलें जातें. “तुम्ही सायकलीनें आलांत, तें बरें केलेंत,” इतकेंच ते शेवटीं म्हणाले. त्यांच्या बोलण्यांत राग नव्हता, आणि म्हणूनच तें मला लागलें. बेटाची वस्ती सुमारें साडेनऊ लाख. २०२४ या एका वर्षांत तेथें सव्वा कोटीहून अधिक पाहुणे आले. त्याच वर्षीं पाल्मा या राजधानींत हजारों रहिवाशांनीं याविरुद्ध मोर्चे काढले. २०१६ पासून प्रत्येक पाहुण्याकडून रात्रीमागें कर घेतात. पण करानें घर मिळत नाहीं.

सा पोब्लावरून परततांना ऊन तिरपें झालें होतें. शेतांतील तांबड्या मातीचा ओला वास येत होता, पुतण्या पुढें जाऊन वळणावर थांबे आणि “काका, दमलांत का?” असें विचारी. मी दमलों नव्हतों. माझ्या डोक्यांत त्या गृहस्थांचे शब्द फिरत होते. आमच्या धर्मशास्त्रांत अतिथि कोणास म्हणावें याची व्याख्या आहे: जो एकच रात्र राहतो तो. लहानपणीं मला ती व्याख्या यजमानाच्या सोयीची वाटे. आतां वाटतें कीं, ती पाहुण्यासाठीं केली आहे. यजमानाचें घर मोठें असेल, मन त्याहून मोठें असेल. तथापि विहिरीचें पाणी व घराच्या खोल्या मोजक्याच असतात. पाहुण्यानें यावें, पण आपलें ओझें हलकें ठेवून यावें. बाजारांत गांवचें धान्य-फळ घ्यावें, गांवच्या लोकांच्या राहत्या घरांवर हक्क सांगूं नये, आणि दार आपल्यामागें लोटून घ्यावें.

तरुण वाचकांपैकीं ज्यांस परदेशीं जाण्याचा योग येईल, त्यांस माझें इतकेंच सांगणें आहे कीं, एक दिवस तरी सायकलीला द्यावा. गुडघे थोडे दुखतील, परंतु जो देश पाहिला तो विसरणार नाहीं, आणि त्या देशालाही तुमचा भार वाटणार नाहीं.