ठिपके गळले, रोग नाही

मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये उभं राहिलं ते अरबी समुद्रासमोरच. खोडाळा गाव मात्र डोंगरात, समुद्र घाट उतरून पार डहाणूकडे. इथल्या हौशी माणसाने खाऱ्या पाण्याची टाकी मांडलीच, तर पाणीही मीठ कालवूनच करावं लागणार.

रोग मात्र माशाबरोबर आयता येतो. क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स हा एकपेशीय परजीवी कातडीत, कल्ल्यांत शिरतो. अंगावर रवा भुरभुरल्यासारखे ठिपके. मासा दगडाला अंग घासतो. काही दिवसांनी ठिपके गळतात आणि मालक खूश! घोटाळा तिथेच. परजीवी तळाशी कोष करून बसलेला असतो. कोष फुटला की शेकडो पिल्लं नवा मासा शोधत निघतात.

तांब्याचं औषध या पोहणाऱ्या पिल्लांनाच मारतं, कोषाला नाही. प्रवाळ आणि कोळंबीही त्याने दगावतात. म्हणून मासे वेगळ्या टाकीत हलवून तिथे तांबं रोज मोजायचं, आणि मूळ टाकी सुमारे अडीच महिने बिनमाशांची ठेवायची. एवढा धीर बहुतेकांना नसतो.