चिन्ह दाखवणे आणि चिन्ह मिरवणे

मराठी माणसाला झाशी ठाऊक असते, पण तिच्या दक्षिणेस, ललितपूरच्या वाटेवर सुमारे २५ किलोमीटरवर असलेल्या बबीनाचे नाव फारसे कोणी ऐकलेले नसते. ही लष्करी छावणी. (‘ब्रिटिश आर्मी बेस’ने सुरू होणाऱ्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे नाव पडले असे येथे छातीठोकपणे सांगतात; मला ती मागाहून जुळवलेली कथा वाटते.) चिन्हांचे महत्त्व अशा गावात कोणाला शिकवावे लागत नाही. सैन्याने १५ जानेवारी २०२२ रोजी नवा लढाऊ गणवेश लोकांसमोर आणला आणि त्याच्या नक्षीची नोंदणी करून घेतली. पेटंट कार्यालयाच्या २१ ऑक्टोबर २०२२ च्या नियतकालिकात ती प्रसिद्ध झाली. संरक्षण १० वर्षांचे, पुढे ५ वर्षे वाढवता येणारे. तसे कापड परवानगीवाचून छापून विकणारा व्यापारी त्यामुळे अडचणीत येतो. परंतु त्याच गणवेशातील जवानाचे छायाचित्र छापणाऱ्या वर्तमानपत्राने काही गणवेश शिवून विकलेला नसतो.

गणवेशाच्या बाबतीत हा भेद सर्वांना चटकन पटतो. कंपनीच्या बोधचिन्हाची गोष्ट निघाली की मात्र भलेभले अधिकारी बिचकतात. मी बबीनात नेमणुकीवर असताना निवृत्त जवानांना आणि जवानांच्या विधवांना भ्रमणध्वनीवर बनावट संदेश येऊ लागले : हयातीचा दाखला तातडीने भरा, अन्यथा निवृत्तिवेतन बंद होईल. वर एका बँकेचे हुबेहूब बोधचिन्ह, खाली टिचकी मारण्यासाठी दुवा. आम्ही सावधगिरीचे पत्रक काढायचे ठरवले. मसुदा पाहून कार्यालय अधीक्षक म्हणाले, “साहेब, बँकेचे चिन्ह छापले तर नोटीस येईल. नुसते ‘एक बँक’ असे लिहू या.” मी विचारले, “ज्या माताजींना वाचता येत नाही, त्यांना तुमची ‘एक बँक’ ओळखू कशी येणार?” त्या ज्या चिन्हावर विसंबून फसत होत्या, तेच झाकून ठेवले तर पत्रकाचा उपयोग काय?

फाईलवर टिपण मीच लिहिले. व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ हा मुळात ग्राहकाची दिशाभूल रोखण्यासाठी आहे. दुसऱ्याचे चिन्ह आपल्या मालावर लावणे हा गुन्हा. ती वस्तू किंवा सेवा त्याचीच आहे हे ओळखू यावे म्हणून चिन्ह दाखवणे, व्यवहार प्रामाणिक असेल आणि चिन्हाचा गैरफायदा घेतला जात नसेल तर, कलम ३० ला मान्य आहे. बाजारातला दुरुस्तीवाला ‘अमुक कंपनीचे फोन येथे दुरुस्त होतात’ असे खुशाल लिहू शकतो. पण कंपनीचे चिन्ह फलकभर रंगवून अधिकृत केंद्राचा आव आणू लागला, की बाजू बदलते. स्क्रीनशॉटला दुसरा कायदा लागतो, कॉपीराइट अधिनियम, १९५७. त्याच्या कलम ५२ मध्ये टीका, परीक्षण आणि चालू घडामोडींचे वृत्त यांसाठी रास्त वापराला मुभा आहे. रास्त म्हणजे किती, याचे माप मात्र कायद्यात दिलेले नाही. सरकारी बाबूला हीच गोष्ट सर्वांत जाचते. त्याला टक्केवारी हवी असते.

न्यायालये टक्केवारीऐवजी हेतू आणि परिणाम पाहतात. ओडिशातील धामरा बंदरामुळे ऑलिव्ह रिडले कासवांना धोका आहे, असे सांगण्यासाठी ग्रीनपीसने २०१० साली एक संगणकीय खेळ काढला आणि त्यात टाटांचे बोधचिन्ह वापरले. टाटा सन्सने दहा कोटींचा दावा लावला. २८ जानेवारी २०११ रोजी दिल्ली उच्च न्यायालयात न्या. रवींद्र भट यांनी अंतरिम मनाई नाकारली. चिन्ह टीकेचा विषय झाले म्हणून त्याचे उल्लंघन होतेच असे नाही, हा त्यातला मुद्दा. दुसरा धडा मुंबईचा. पॅराशूट खोबरेल तेलाचे परीक्षण करणाऱ्या एका यूट्यूबरचा व्हिडिओ काढून टाकण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये दिला. पुढच्याच महिन्यात खंडपीठाने काही भाग वगळण्याच्या अटीवर तो पुन्हा दाखवू दिला. म्हणजे बाटली दाखवण्याला आडकाठी नाही, बाटलीविषयी जे बोलायचे त्याला मात्र आधार हवा. मला हे योग्य वाटते, जरी कंपनीच्या वकिलांची फौज आणि एकटा माणूस यांच्यात ही लढाई कधीच समान नसते.

आमच्या पत्रकातली खरी अडचण अधीक्षकांनी सांगितलेली नव्हतीच. बनावट संदेशाच्या कोपऱ्यात अशोकस्तंभाचे सिंहही होते. राजमुद्रेबाबत २००५ चा स्वतंत्र अधिनियम आहे आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. सरकारी असल्याचा भास निर्माण होईल अशा रीतीने ती कोणी वापरायची नाही. आमचे पत्रक सरकारीच होते, पण एखाद्याने तेवढेच चित्र कापून पुढे पाठवले असते तर? म्हणून चित्रावर आडवे, लाल, ठळक ‘बनावट’ असे छापले. शिवाय तो स्क्रीनशॉट एका सुभेदारांच्या फोनवरून आला होता. त्यावर त्यांचे नाव आणि खात्याचे शेवटचे आकडे दिसत होते. बँकेच्या हक्काची काळजी करताना त्याकडे कोणाचेही लक्ष गेले नव्हते. ते खोडले, दुवा अर्धवट ठेवला, खाली संदेश आल्याची तारीख घातली, आणि माहितीसाठी एक प्रत बँकेच्या शाखेला पाठवली. चार दिवसांनी शाखेचा शिपाई आला. त्यांच्या दारावर लावायला आणखी पन्नास प्रती हव्या होत्या.