मन्याडपलीकडची भाऊबीज

आमचे वडील दर वर्षीं भाऊबीजेच्या पहांटे कंधारहून सायकलीवर निघत आणि दिवेलागणीस जुक्कलच्या अलीकडील एका खेड्यांत आपल्या बहिणीच्या दारांत उतरत. सायकल काळी, जड आणि विनागियरची. कॅरियरला खणाचें पुडकें व करंज्यांचा डबा सुतळीनें आवळलेला असे. दुसऱ्या दिवशीं ते परत येत आणि पुढें दोन दिवस मांड्या चोळीत बसत. साठी उलटल्यावर ते एस्. टी.नें जाऊं लागले. पण तशी केलेली भाऊबीज त्यांस कधीं पुरती भाऊबीज वाटली नाहीं. "सायकलनं गेलं की ती पाय शेकायला ऊन पाणी द्यायची, आता नुसता चहा देते," अशी त्यांची तक्रार असे.

गेल्या कार्तिकांत आम्हीं ही वाट सायकलीवर केली. आमचें वय अठ्ठावन्न, पोट वयास साजेसें, आणि सायकल सोडल्याला तीस वर्षें झालेलीं. वाचकांनीं हसूं नये. पुण्यास नोकरी करणारा आमचा पुतण्या दिवाळीस घरीं आला तो मोटारीच्या टपावर दोन सायकली बांधून. एक त्याची, दुसरी त्याच्या मित्राची. डोंगरांतून हिंडण्यासाठीं मुद्दाम केलेल्या या सायकलींचे टायर बैलगाडीच्या धांवेला लाजवतील असे रुंद व खांचांचे, आणि पुढच्या चाकाला धक्के गिळणाऱ्या स्प्रिंगा. वडिलांच्या वाटेनें जाऊं असें आम्हींच म्हटलें. तें त्यानें लगेच खरें धरलें, आणि तरुण माणसापुढें शब्द मागें घेणें या वयांत फार जड जातें.

या वाहनाचा इतिहासहि त्यानेंच आम्हांस सांगितला. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत मॅरिन परगण्यांतील कांहीं तरुणांनीं जुन्या जाड टायरच्या सायकली धुंडून काढल्या आणि १९७६ सालीं डोंगरांतील एका कच्च्या उतारावरून त्यांच्या शर्यती लावण्यास आरंभ केला. पायंडल उलट दाबून लागणारा ब्रेक त्या उतारावर इतका तापे, कीं आंतील ग्रीस जळून धूर निघे. खालीं पोंचल्यावर तें पुन्हां भरावें लागे. म्हणून त्या उताराचें नांवच 'रीपॅक' पडलें. आमच्या वडिलांच्या सायकलीला असा कांहीं इतिहास नाहीं. मुखेडकडील उतारावर तिचीं ब्रेकचीं रबरें झिजून जात आणि मग ते चपलेची टाच जमिनीला लावून ती थांबवीत. त्या उताराला कोणीं नांव दिलें नाहीं.

पहिल्यानें पुतण्याच्या मनांत किनवटकडे जावें असें होतें. अरण्य, नदी आणि जुनीं गांवें पाहावयाचीं तर आमच्या जिल्ह्यांत तीं तिकडेच आहेत. सागाचें दाट रान, त्यांतून वाहणारी पैनगंगा, सहस्रकुंडाचा धबधबा, उनकेश्वरचे ऊन पाण्याचे झरे आणि वर माहूरचा गड. ती पैनगंगाहि एके काळीं सीमेचीच नदी होती. अलीकडे निजाम, पलीकडे वऱ्हाड. कंधारच्या बाजूस असें रान नाहीं. बालाघाटाच्या शेवटच्या टेकड्या येथें उतरत येतात. त्यांवर पळस, बोरी, बाभळी आणि सीताफळी. अधूनमधून वनखात्यानें लावलेला खुरटा साग. "काका, तुमच्या मन्याडच्या खोऱ्यात सावलीच नाही," असें तो म्हणाला. तें खरें आहे. परंतु किनवटकडे आमची आत्या नव्हती.

आम्ही भाऊबीजेच्या आदल्या दिवशीं पहांटे निघालों. वडील ही वाट एका दिवसांत उरकीत. आम्हीं तिला दोन दिवस दिले. कंधारच्या किल्ल्याच्या खंदकावर धुकें होतें. येथून जाणारा माणूस हा किल्ला पाहून न पाहिल्यासारखा करतो. आम्हींहि आयुष्यभर तेंच केलें. राष्ट्रकूटांच्या वेळीं हें मोठें नगर होतें. त्या काळचा जगत्तुंग तलाव अजून पाणी धरतो, आणि एका प्रचंड क्षेत्रपाळाच्या मूर्तीचे भग्न अवयव येथें सांपडलेले आहेत. त्यावरून गांवाची रखवाली करणारा देव केवढा कल्पिला होता तें कळतें. बहामनी राज्य फुटल्यावर अहमदनगर, बीदर आणि गोवळकोंडा या तिन्ही सत्तांचे हात जेथें एकमेकांस लागत अशा जागीं कंधार आलें. पुढें १६३१ सालीं तें मोगलांनीं घेतलें. सीमेवरच्या गांवाचें नशीब असें, कीं तें स्वतः जागचें हलत नाहीं, पण त्याच्याभोंवतीं राज्यें हालत असतात. क्षेत्रपाळ एवढा मोठा असून त्याचाहि इलाज चालला नाहीं.

मन्याड ओलांडल्यावर पुतण्यानें डांबरी रस्ता सोडला व शेतांच्या बांधाबांधानें जाणारी गाडीवाट धरली. सोयाबीन निघालेलें, तुरी फुलांवर, ज्वारी वीतभर वर आलेली. डांबरी सडकेवर राहिलों असतों तरी अर्धी सडक शेतकऱ्यांनीं वाळत घातलेल्या सोयाबीननें व्यापलेलीच होती. गियर बदलण्याची कला आम्हांस दुपारपर्यंत साधली नाहीं. चढावर जड दांता आणि उतारावर हलका, असा आमचा उलटा कारभार चालला होता. वाटेंत एका म्हातारीकडून सीताफळें घेतलीं, तेव्हां तिनें सायकलीकडे पाहून किंमत विचारली. पुतण्यानें ती खरी सांगितली. "मंग बैलजोडी का न्हाई घेतली?" असें ती म्हणाली, व आम्हांस यावर योग्य उत्तर अद्याप सुचलेलें नाहीं.

मुखेडच्या अलीकडे बाभळीच्या कांट्यानें मागील चाक बसलें. पुतण्या ट्यूब बदलूं लागला आणि आम्ही पळसाच्या तोकड्या सावलींत बसलों. हात चालूं ठेवूनच त्यानें विचारलें, "काका, आत्याआजीकडे आपण कधी का जात नाही? बाबा तर तिचं नावसुद्धा काढत नाहीत."

"दुसरं राज्य पडलं," आम्ही म्हणालों.

"आजोबांच्या वेळीही दुसरंच होतं ना?"

त्याचें म्हणणें बरोबर होतें. आत्याचें लग्न १९५३ सालीं झालें तेव्हां जुक्कल हें आमच्याच नांदेड जिल्ह्यांतील देगलूर तालुक्यांत होतें. निजामाचें राज्य जाऊन पांच वर्षें झालीं होतीं आणि हैदराबाद राज्य अजून अखंड होतें. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं राज्यांची पुनर्रचना झाली. नांदेड जिल्हा मुंबई राज्यांत गेला, परंतु सबंध नव्हे. देगलूर तालुक्यांतील बिचकुंदा व जुक्कल हीं सर्कलें, आणि मुधोळ तालुक्यांतील मुधोळ, भैंसा व कुबीर हीं सर्कलें आंध्रकडे राहिलीं. त्याच कायद्यानें किनवट तालुका व इस्लापूर सर्कल अदिलाबाद जिल्ह्यांतून निघून इकडे आलें. आणि अहमदपूर, निलंगा व उदगीर हे तालुके बीदर जिल्ह्यांतून निघून मराठवाड्यांत आले. ज्या उदगिरास १७६० सालीं सदाशिवरावभाऊंनीं निजामास नमविलें तें उदगीर अशा रीतीनें कलमाच्या एका ओळीनें आलें, आणि दुसऱ्या ओळीनें आमची आत्या गेली. ती चूल सोडून कोठें गेली नाहीं. पण हैदराबाद, आंध्र प्रदेश आणि २०१४ पासून तेलंगण अशीं तीन राज्यें तिनें त्या चुलीपुढें बसून पाहिलीं. जिल्हेहि तीनच: नांदेड, निजामाबाद आणि २०१६ पासून कामारेड्डी. वडिलांच्या सायकलीस यांतील एकहि फरक कळला नाहीं.

तेव्हां आम्हीं पुतण्यास खरी गोष्ट सांगितली. निदान जेवढी त्यास ठाऊक असावयास हवी होती तेवढी. अकरा वर्षांपूर्वीं वडील वारले. आजोबांच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर वडिलांच्या बरोबरीनें आत्याचें नांव होतें. तें तसेंच राहिलें होतें, कारण वडिलांनीं तें काढण्याचा विचार कधीं केला नाहीं. आम्हां तिघां भावांच्या वांटण्या व्हावयाच्या तर तें नांव मध्यें येत होतें. आम्ही भाड्याची जीप करून गेलों, तिला घेऊन आलों, रजिस्ट्री कचेरींत हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली आणि सायंकाळीं साडीचोळी देऊन पोंचती केली. तिनें कांहींहि विचारलें नाहीं. गांवांत शिरतांना मात्र ती म्हणाली, "आधी विहिरीकडल्या वावरातून नेता का?" आम्ही म्हणालों, "उशीर होईल, कचेरी बंद होते." त्यानंतर आमच्यांपैकीं कोणीहि तिच्या दारीं गेलें नाहीं. दिवाळीस फोन मात्र होत असे.

पुतण्या कांहीं बोलला नाहीं. त्यानें चाक बसविलें आणि हवा भरली. थोडी जास्तच भरली असावी.

रात्र देगलुरास काढली. सकाळीं वाट थोडी वांकडी करून होट्टलला गेलों. तेथें कल्याणीच्या चालुक्यांच्या काळचीं देवळें आहेत. सिद्धेश्वराच्या भिंतीवरील सुंदरी इतक्या तन्मयतेनें आरशांत पाहत व वेणी घालीत उभ्या आहेत कीं, त्यांना घडविणाऱ्यास घरीं जाण्याची घाई नव्हती हें उघड दिसतें. आम्हीं तेथें तास काढला. खरें सांगावयाचें तर आम्हांसहि पुढें जाण्याची घाई नव्हती. पाकीट खिशांत होतें आणि तें छातीला टोंचत होतें.

सीमा कोठें ओलांडली तें आम्हांस कळलें नाहीं. सडकेनें गेलें असतां कमानी, फलक वगैरे दिसतात. गाडीवाटेला त्यांपैकीं कांहीं नाहीं. माती तीच, तूर तीच. एका ओढ्यानंतर दुकानावरील पाटी तेलुगूंत आढळली. पण आंत बसलेला दुकानदार मराठींत भाव सांगत होता, आणि त्याचा मुलगा गिऱ्हाइकाशीं दखनींत हुज्जत घालीत होता. पुतण्याच्या फोननें मात्र तेलंगणांत आपलें स्वागत असल्याचें कळविलें.

आत्या ओसरीवर बसली होती. नव्वदीला टेकलेली, दृष्टि मंद. दारांत सायकलीचा आवाज होतांच ती ताठ झाली व म्हणाली, "दादा?" मग तिचें तिलाच समजलें. आम्हीं नांव सांगितलें. तिनें आमच्या तोंडावरून हात फिरविला, मग सायकलीच्या हँडलावरून, आणि नंतर त्या जाड टायरावरून.

"सायकलवर आलास? कंधाराहून?"

"हो, आत्या."

"विहिरीला पाणी हाय का?"

हा प्रश्न पहिल्यानेंच येईल असें आम्हांस वाटलें नव्हतें. मनाशीं जुळविलेलीं सर्व वाक्यें जेवणानंतरचीं होतीं. आम्ही म्हणालों, "विहीर बुजवली, आत्या. गेल्या वर्षी वावर विकलं. तिथं आता प्लॉट पडले."

ती उगीच राहिली. सुनेनें पाट मांडला, रांगोळी घातली. आत्यानें हात धरवून घेऊन उभें राहून आम्हांस ओवाळलें. "भाऊ न्हाई तर भाच्याला," एवढेंच म्हणाली. आम्हीं ताटांत खण ठेवला आणि त्याखालीं पाकीट. तें तिच्या बोटांस लागलें. तिनें तें उचलून मुलाकडे दिलें व मोजावयास सांगितलें. आम्हांस वाटलें होतें कीं ती तें परत करील आणि मग आम्ही आग्रह करूं. असल्या प्रसंगीं माणसें असेंच करतात असा आमचा समज होता. मुलानें मोजून आंकडा सांगितला.

"हे कशाचं?" तिनें विचारलें.

"विहिरीकडल्या वावराचं."

"मंग कमी हाय."

"आमच्या एकट्याच्या वाट्यातलं आहे. तुझ्या हिश्श्याचं जेवढं आमच्याकडे आलं तेवढं."

"आन् त्या दोघाचं?"

आम्ही गप्प. तिनें पुतण्याच्या दिशेनें मान वळविली. "हा कुणाचा?"

"मधल्याचा."

"बरं झालं, ह्यानं ऐकलं." तिनें पाकीट खणांत गुंडाळून कमरेला खोंचलें. "बापाला सांग रे लेकरा, तूबी सायकलवर ये. जीपनं नको."

मग तिनें सुनेस तेलुगूंत कांहीं तरी सांगितलें. आम्ही आपापल्या चपलांकडे पाहत बसलों. थोड्या वेळानें सून परातींत ऊन पाणी घेऊन आली आणि तिनें ती आमच्या पायांशीं ठेवली.