अवघड जागेचं दुखणं

मैत्रिणींनो, ‘अवघड जागी दुखणं आणि जावई वैद्य’ ही म्हण आपण हसत हसत वापरतो. पण हेच दुखणं घरच्या पुरुषाला झालं की हसू कुठल्या कुठे पळतं! बाई निदान आईला, जावेला सांगते. पुरुष मात्र दातओठ आवळून गप्प बसतो. त्याच्या चालण्यातला फरक सगळ्यांत आधी आपल्यालाच दिसतो, म्हणून हे चार शब्द तुमच्यासाठी.

आम्ही मंचरचे. जुन्नर-आंबेगावात टोमॅटो-कांद्याच्या जोडीला दारात दोन-चार गाई असतातच. आमची एक गाय सातव्या महिन्यात गाभडली. ह्यांनी उघड्या हातांनीच वार काढली, गोठा धुतला. पुढं तीनेक आठवड्यांनी ह्यांना संध्याकाळचा ताप येऊ लागला. दरदरून घाम, कंबरदुखी, आणि मग अंडकोश एका बाजूनं सुजला. मोटारसायकलवर बसवेना.

सासूबाईंनी गोखरूचा काढा सुरू केला, धन्याजिऱ्याचं पाणी दिलं. मायेनंच दिलं, पण ताप काही हटेना. मी म्हटलं, “अहो, काढा घ्या, पण डॉक्टरांकडेही चला.”

“त्यांना सांगू काय?”

“तुम्ही नका सांगू, मी सांगते!”

डॉक्टरांनी तपासलं आणि विचारलं, “घरात जनावरं आहेत? एखादी गाभडली होती का?” मी तर चकितच झाले. रक्त तपासलं, आणि निघालं ब्रुसेलोसिस. गाईगुरांत गर्भपात घडवणारा हा रोग वार, स्राव आणि कच्च्या दुधातून माणसाला लागतो, आणि पुरुषांत कधी कधी वृषणाला सूज आणतो. याचे जंतू डेव्हिड ब्रूस यांनी 1887 साली माल्टा बेटावर शोधले.

दोन प्रकारच्या गोळ्या, सहा आठवडे. आठवड्यात ताप उतरला, तशी “आता कशाला गोळ्या?” अशी कुरकुर सुरू झाली. पण मधेच सोडल्या की हा रोग उलटतो. पाकिटं मी माझ्याच ताब्यात ठेवली, बरं का!

प्रत्येक सूज अशीच असते असं मात्र नाही. तरुणपणी संभोगातून येणारे जंतू, उतारवयात लघवीतले जंतू, शिवाय क्षय आणि गालगुंड हीही कारणं असतात. कारण बदललं की औषध बदलतं; म्हणून शेजारणीच्या नवऱ्याच्या उरलेल्या गोळ्या नकोत. संसर्ग संभोगातून आलेला असेल तर औषध नवरा-बायको दोघांनीही घ्यायचं, आणि ते संपेपर्यंत संबंध टाळायचे.

मग घरगुती उपाय अगदी निरुपयोगी का? मुळीच नाही. विश्रांती, लंगोटाचा आधार, फडक्यात गुंडाळलेल्या बर्फाचा थोडा थोडा वेळ शेक आणि भरपूर पाणी यांनी ठणका कमी होतो. दुखणं प्रोस्टेट ग्रंथीचं असेल तर कोमट पाण्याच्या टबात बसल्यानं बरं वाटतं. पण जंतू यानं मरत नाहीत; काढ्यानंही नाही. काढा चालू असेल तर डॉक्टरांना तसं सांगा. सुजेवर गरम विटेचा शेक किंवा जळजळीत लेप नको.

एक गोष्ट पदराला गाठ मारून ठेवा: मुलाच्या वा तरुणाच्या अंडकोशात अचानक असह्य कळ आली, उलटी झाली, तर काढा उकळत बसू नका. आतली नस पिळली गेलेली असू शकते. सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर अंड वाचण्याची शक्यता चांगली असते. लाजेपायी रात्र काढू नका.

आणखी एक. दोन्ही बाजूंच्या सुजेनंतर शुक्राच्या नळ्या बुजून मूल न होणंही घडतं. सुनेला नावं ठेवण्याआधी मुलाच्या वीर्याची साधी तपासणी करा. कितीतरी सुनांचे उपासतापास वाचतील!

आता आमच्याकडे दूध उकळल्याशिवाय चहातही पडत नाही. गाय व्याली की हातमोजे आधी, मग वार. आणि चार ते आठ महिन्यांच्या कालवडीला ब्रुसेलोसिसची लस टोचून घेतो. 2019 पासूनच्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ती आहे आणि जन्मात एकदाच लागते. तुमच्या गोठ्यात कालवड असेल तर जनावरांच्या दवाखान्यात आजच विचारा.