नारळी पौर्णिमा आणि शेवयांची खीर



श्रावणी पौर्णिमेला आपल्याकडे शेवयांची खीर होते. हस्तिनापुरात बलीने अकंपनाचार्यांसह सातशे मुनींवर उपसर्ग केला, भोवती आग पेटवली आणि विष्णुकुमार मुनींनी त्यांना वाचवलं. धुराने मुनींचे गळे पोळले होते, म्हणून श्रावकांनी घशाखाली सहज उतरेल अशी मऊ खीर आहारात दिली. सासूबाई दरवर्षी खीर ढवळता ढवळता ही कथा सांगायच्या आणि आगीचा प्रसंग आला की नकळत गॅस बारीक करायच्या.

सांगली जिल्ह्यातलं गाव सोडून आम्ही ह्यांच्या नोकरीपायी अलिबागला आलो, तेव्हा सासूबाई जाऊन वर्षही झालं नव्हतं. गावाकडे मंदिराची घंटा स्वयंपाकघरात ऐकू यायची. इथे घंटा नाही, पाठशाळा नाही, "आज अष्टमी गं" अशी आठवण करून देणारं कुणी नाही. पहिल्या वर्षीची खीर मी केली खरी, पण कथा कुणाला सांगायची? मुलगा मोबाईलमध्ये, हे ऑफिसात. अर्धी खीर दुसऱ्या दिवशी फेकावी लागली.

आमचं भाड्याचं घर कोळीवाड्याच्या कडेला. घरमालकीण मावशी खाली राहतात, आम्ही वर. घर बघायला गेले तेव्हा मी पहिलीच अट घातली होती, गच्चीवर मासळी वाळत घालायची नाही. मावशी "बरं" म्हणाल्या, एवढंच. पुढे आठ-नऊ महिन्यांनी शेजारणीकडून कळलं, की त्या जवळ्याच्या पाट्या डोक्यावर घेऊन तीन गल्ल्या पलीकडे बहिणीच्या अंगणात वाळवायला नेतात. त्यांच्याच घराची गच्ची, आणि गुडघे दुखत असताना ही पायपीट! मला फार लाज वाटली. अट मात्र मी मागे घेतली नाही. घेऊ शकले नसते, हेही खरं सांगते.

तर 2024 साली पौर्णिमा 19 ऑगस्टला आली, श्रावणातला सोमवार. आदल्या दिवशी मावशी जिन्यात उभ्या. "बाय, उद्या दर्याला नारल द्याचाय. येशील ना?"

मी "बघते" म्हटलं आणि रात्रभर विचार केला. जाळी भरभरून यावीत म्हणून जिथे प्रार्थना होणार, तिथे मी हात कसे जोडायचे? आरंभी, उद्योगी, विरोधी, संकल्पी हे हिंसेचे चार प्रकार मी पाठशाळेत मुलांना शिकवलेत. मासेमारी पोटासाठी असली तरी आपल्या शास्त्रात तिला उद्योगाची सवलत नाही, हे मला ठाऊक आहे. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "तू काय जाळं टाकायला चालली आहेस का?" पुरुषांना सगळं सोपं असतं.

सकाळी स्वाध्यायाला बसले तर मन तिकडेच. पावसाळ्यात जीवजंतू फार, म्हणून आपले मुनी चातुर्मासात एका जागी थांबतात. इकडे 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद. माशांच्या विणीचा काळ आणि दर्या खवळलेला. कायदा आत्ताचा, पण पूर्वीही आषाढातल्या समुद्रात कोणी उगाच होडी घालत नसे. दोन्हींची कारणं एक नाहीत, मी ओढूनताणून जुळवत नाहीये. पण दोन महिने किनाऱ्यावर उलट्या पडलेल्या होड्या आणि जाळी शिवत बसलेली माणसं पाहिली होती, ती आठवली. खिरीचा डबा भरला आणि खाली उतरले.

मिरवणूक निघाली होती. पुढे बँड, मागे सोनेरी कागदात मढवलेला मोठा नारळ, एकसारखी लुगडी नेसलेल्या बायका, केसांत वेण्या, अंगावर घरातलं असेल नसेल ते सोनं. पुरुषांच्या डोक्यावर लाल टोप्या. नवीन रंग दिलेल्या होड्यांवर बावटे फडफडत होते. "आयलीस का गो बाय!" म्हणत मावशींनी माझा हात धरला तो सोडलाच नाही. मला नाचता येत नाही, तरी दोन पावलं नाचले. समोर कुलाबा किल्ल्याच्या तटावर लाटा आपटत होत्या.

पाण्याशी आल्यावर बँड थांबला. मावशींनी आपला नारळ दोन्ही हातांत धरला, डोळे मिटले. मी अगदी शेजारी होते म्हणून ऐकू आलं. "सगल्यांना घरा आन." मासळीचं नाव नाही. त्यांचा मधला भाऊ 2009 च्या नोव्हेंबरात, फयान वादळात गेला तो परत आला नाही. राखीला आता एकटा धाकटाच येतो.

मी नारळ वाहिला नाही. पाण्यात घोट्यापर्यंत उभी राहून णमोकार मंत्र म्हटला, नऊ वेळा. गाव सोडल्यापासून इतका मन लावून म्हटला नव्हता.

मग नाच पुन्हा सुरू झाला, रंगात आला, आणि मी वेळ विसरले. मावशी मात्र विसरल्या नव्हत्या. गर्दीतून मला ओढत घरी नेलं. "सूर्य बुडाला तर उपाशी ऱ्हाशील! बस आधी." नारळीभात वेगळा काढून ठेवला होता, आलं न घालता. सोमवार म्हणून त्यांच्या चुलीवर मासळी शिजलीच नव्हती, तरी माझ्यासाठी पातेलं नवं कोरं आणलं होतं. पाणीसुद्धा फडक्याने गाळलेलं. हे सगळं मी कधी सांगितलं नव्हतं. माझं येता-जाता बघून ठेवलेलं.

त्यांनी खीर खाल्ली, मी सातशे मुनींची कथा सांगितली. ती आवडलेली बघून मृगसेनाचीही सांगितली. मृगसेन धीवर, म्हणजे कोळीच. त्याला मुनींनी झेपेल एवढंच व्रत दिलं, जाळ्यात येणारा पहिला मासा सोडून द्यायचा. त्याने खूण बांधून सोडला, तर पाच वेळा तोच मासा आला आणि पाचही वेळा त्याने सोडला. संध्याकाळी रिकाम्या हाताने घरी गेला, तर बायकोने दार लावून घेतलं.

मावशी खो खो हसल्या. "बरोबर केलं तिनं! पोरांना काय खूण वाढील?"

मला हे आजवर सुचलं नव्हतं. पाठशाळेत आम्ही त्या बायकोला नेहमी वाईटच ठरवतो.

"मंग, फुडं?"

तो बाहेरच झोपला आणि रात्री साप चावून मेला, मी म्हटलं. पुढच्या जन्मात त्या पुण्याने पाच वेळा त्याचा जीव वाचला, हेही सांगणार होते. पण मावशी हसायच्या थांबल्या होत्या. वाटीतली खीर तशीच.

"रागावली ती ठीक," त्या म्हणाल्या. "पन दार लावाचं नव्हतं गो."